रिपोर्टातला ‘की’

मी सातवी पास. इंग्रजी अक्षरं शाळेत नाही, कारखान्यात शिकलो. तयार झालेल्या लोखंडी नगावर अक्षर आणि नंबर ठोकायचे, हे माझं काम. एका हातात ठसा, दुसऱ्यात हातोडा. त्यामुळे अक्षर ओळखतो, शब्द वाचता येत नाही. शेवटी नगावर माझा स्वतःचा ठसाही मारायचो. पुढे काही बिघडलं तर कुणाच्या हातून गेलं ते साहेबाला कळावं म्हणून.

बायको गेल्यावर तिच्या हॉस्पिटलच्या फाइलमध्ये एक कागद सापडला. सगळा इंग्रजी. मधे दोन मोठी अक्षरं होती, के आणि आय. मी जोडून वाचलं. की.

मी नागपूरकडचा, ती साताऱ्याकडची. तिच्या बोलण्यात ‘की’ फार. बसा की, खावा की, या की. नोकरीसाठी हिंदी मुलखात, कारखान्याच्या टाउनशिपच्या क्वार्टरात राहायला आलो तेव्हा शेजारीण तिची चेष्टा करायची. हिनं “बसा की” म्हटलं की ती विचारायची, “भाभी, किसकी?” ही म्हणायची, “तेरी सास की.” दोघी हसायच्या. मला तेव्हा कंटाळा यायचा त्या ‘की’चा. तोंडावर सांगितलंही होतं तिला. तिनं ऐकलं नाही, बरं केलं.

रिटायर झाल्यावर आम्ही त्याच शहरात, बाग सेवनियाला घर घेतलं. तिथे तिला गठिया, म्हणजे संधिवात, धरला. बोटं वाकडी झाली, पोळी लाटता येईना. औषध जबर होतं. डॉक्टरनं आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की या औषधानं अंगातली ताकद कमी होते, सर्दीखोकल्याच्या माणसापासून लांब राहायचं.

थंडीत मलाच खोकला झाला. मी खाट व्हरांड्यात नेली, तोंडाला रुमाल बांधला. दोन दिवस असे काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं आतून हाक मारली.

“अहो, आत या की. चहा निवतोय.”

“खोकला आहे मला. दारात ठेव.”

“तुमचा खोकला काय आज बघतेय मी? या की.”

मी गेलो. तिच्या खाटेवर बसलो, रुमाल खाली केला आणि चहा प्यालो. दुसऱ्या दिवशीही गेलो. त्या आठवड्यातच तिला ताप आला, मग दम लागला. साकेत नगरच्या बाजूच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. ती परत आली नाही.

हे मी कुणाला बोललो नाही. मुलगी नागपूरला असते, तिलाही नाही. आणि आता हा कागद. त्यावर तिच्या ‘या की’तला की. मला वाटलं, हा माझाच ठसा. माझ्या हातून गेलं ते इथे लिहून ठेवलंय.

कागद घेऊन हॉस्पिटलात गेलो. हिला तपासायची ती तरुण डॉक्टरीण होती. तिनं ओळखलं, बसवलं. म्हणाली, “बाबूजी, यह एक वायरस का नाम है. के-आई पॉलिओमा.”

“पोलिओ? तिचे पाय तर चांगले होते.”

“पोलियो नहीं, बाबूजी. पॉलिओमा.”

मग तिनं हळू समजावलं. अशा जातीचे व्हायरस बहुतेकांना लहानपणीच लागून जातात, कळतही नाही. काही अंगात गपचूप पडून राहतात आणि ताकद उतरली की पुन्हा दिसतात, असं मानतात. खोकणाऱ्याच्या नाकाघशात हा सापडतो, कधी धडधाकट माणसाच्याही. दुसऱ्या जंतूंच्या सोबतीनं तर फार वेळा. हिच्या छातीतही न्यूमोनियाचा जंतू वेगळा होता, औषधं त्यावर चालली होती. यानं दम वाढवला का? “हो सकता है. नहीं भी. अभी किसी को पक्का पता नहीं.”

मी विचारलं, “मुझसे आया?”

तिनं पेन खाली ठेवलं. “इस पर किसी का नाम नहीं लिखा होता. आपकी खाँसी से उन्हें कुछ नहीं हुआ, यह मैं नहीं कहूँगी. झूठ होगा. पर यह काग़ज़ यह नहीं बताता कि आपने किया.”

ती खोटं बोलली नाही, हे मला आवडलं. पण मी ‘हो की नाही’ ते ऐकायला गेलो होतो. हातात राहिला तो मधला की.

घरी आलो. चहा टाकला, दोन कप पाणी घातलं गेलं. त्यातलं कपभर ओतून दिलं आणि मुलीला फोन लावला. सगळं सांगितलं. व्हरांडा, रुमाल, चहा.

ती म्हणाली, “बाबा, मला माहीत आहे.”

“कसं?”

“आईनं त्याच दिवशी फोन केला होता. म्हणाली, तुझे बाबा पाहुण्यासारखे बाहेर बसलेत. डॉक्टरनं सांगितलेलं कळतं मला, पण एकटीनं चहा घशाखाली जात नाही. म्हणून मीच बोलावलं. हे ऐकून मी आईला रागावले. म्हटलं, तुला अक्कल नाही का. त्यानंतर ती माझ्याशी नीट बोललीच कुठे, तापच आला.”

म्हणजे मुलीचंही तेच. मी इथे एक गोष्ट दाबून बसलो होतो, ती तिकडे एक. मला समजावता येत नाही कुणाला. आमच्या घरी ते काम तिच्या आईचं होतं. म्हणून मी जमलं तेवढं बोललो.

“त्यावर कुणाचं नाव नसतं म्हणे. डॉक्टरीण म्हणाली. तुझ्या रागावण्यानं तर ताप येत नाही.”

ती रडत होती. मग म्हणालो, “दोन दिवस येऊन जा की.”

“काय म्हणालात बाबा?”

“काही नाही. ये म्हणालो.”