सुतारकाकांची करकरणारी खुर्ची

सुतारकाकांच्या हाताखालून गेलेली खुर्ची करकरत नाही, हे शहरभर माहीत होतं. नगरपालिकेच्या सभागृहातल्या खुर्च्या त्यांनी एकदा दुरुस्त करून दिल्या, तर थोड्याच दिवसांत खुद्द अध्यक्ष तक्रार घेऊन दारात हजर! पूर्वी म्हणे एखादा सभासद मधेच सटकायला लागला की खुर्ची चुगली करायची. आता भाषण संपवून मान वर करावी, तर समोर निम्मं सभागृह रिकामं. काकांनी ती तक्रार पदकासारखी छातीवर मिरवली. जो भेटेल त्याला ते ही गोष्ट ऐकवत, आणि ज्याने आधी ऐकली असेल त्याला तर हमखास ऐकवत.

काका स्वतः अखंड बोलत. रंधा मारताना बोलत, तोंडात खिळे धरून बोलत, ऐकणारा उठून गेला तर समोरच्या फळीशी बोलत. काकू म्हणायच्या, "सगळ्या खुर्च्यांची करकर काढून यांनी स्वतःच्या घशात भरून ठेवलीय."

काका नोकरीला होते टेनिसच्या स्टेडियममध्ये. तिथलं लाकडाचं जे जे काही होतं ते सगळं त्यांच्या ताब्यात. प्रेक्षकांची बाकं, खेळाडूंची कपाटं, पंचांची उंच खुर्ची. एक पंच तर त्यांना म्हणालेही होते, "काका, इतकी गप्प खुर्ची नको हो. भर उन्हात वर बसलं की डोळा लागतो." काकांनी हीदेखील शाबासकीच समजली.

त्यांच्या मुलीची मुलगी लहानपणी शाळा सुटली की तिथेच यायची. आजोबांच्या भुशात लोळायची, मग कोर्टाबाहेर गेलेले चेंडू पळत जाऊन आणायची. पळताना अशी गिरक्या घ्यायची की माळीबुवांनी तिचं नाव भिंगरी पाडलं, ते चिकटलंच. चेंडू आणता आणता ती चेंडू मारायला लागली आणि एकोणिसाव्या वर्षी त्याच स्टेडियममधल्या मोठ्या स्पर्धेत उतरली. तेव्हा काकांनी ज्यांना ज्यांना ही बातमी सांगितली त्यात एक टपालवाला, दोन भाजीवाल्या आणि चुकीचा नंबर लागलेला एक अनोळखी गृहस्थही होता.

पण त्या खेळात एक नियम होता. सामना संपला की जिंकलेल्याने आणि हरलेल्यानेही पत्रकारांच्या खोलीत जाऊन बसायचं आणि विचारतील त्याची उत्तरं द्यायची. हसून जा, रडून जा, पण जा.

त्या पहिल्याच वर्षी भिंगरी हरली आणि त्या खोलीत गेली. पहिल्या रांगेत, पंख्याखालच्या खुर्चीत, एका मोठ्या वर्तमानपत्राचे जुने क्रीडालेखक बसलेले असत. चष्मा कायम कपाळावर, म्हणून सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत. त्यांचा प्रत्येक प्रश्न 'प्रामाणिकपणे सांग' असा सुरू व्हायचा, जणू बाकीची माणसं खोटं बोलायलाच आली आहेत. त्यांनी विचारलं, "प्रामाणिकपणे सांग, जिंकायची वेळ आली की तू घाबरतेस ना?"

भिंगरीने तोंड उघडलं, पण शब्द बाहेर येईना. हात गार पडले, छातीवर कोणी ओझं ठेवल्यासारखं झालं. ती उठली आणि पळत बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात तिच्या खेळावर दोन ओळी आणि पळण्यावर अख्खा रकाना.

त्यानंतर ही मुलगी फोन वाजला तरी दचकायची. दाराची घंटा वाजली की आतल्या खोलीत जायची. रॅकेट कपाटात आणि ती पांघरुणात. शेवटी तिच्या आईने तिला एका डॉक्टरीण बाईंकडे नेलं. त्या बाई शांत, बोलणं कमी, ऐकणं जास्त. त्या म्हणाल्या, "पाय मुरगळला तर लंगडत खेळतेस का? नाही ना? मग हेही तसंच. वेळ लागेल, बरं होईल." आणि होत गेलं. भिंगरी हळूहळू कोर्टावर परतली, झोपायला लागली, आजीशी भांडायलाही लागली. भांडण ऐकलं तेव्हा काकांचा जीव भांड्यात पडला.

राहिली ती फक्त ती खोली. दुसऱ्या वर्षी स्पर्धेच्या लोकांनी बजावलं होतं, सामन्यानंतर पत्रकारांसमोर आली नाही तर दुहेरीतून नाव काढलं जाईल. दुहेरीत तिची जोडीदार होती तिची लहानपणापासूनची मैत्रीण. म्हणजे एकटीचं नुकसान नव्हतं. घरी सराव सुरू झाला. काकू कालथा माईकसारखा तिच्या तोंडासमोर धरायच्या. "प्रामाणिकपणे सांग, दूध कोणी सांडलं?"

"पुढचा प्रश्न!" भिंगरी म्हणायची. सगळे हसायचे. पण हसून झालं की ती आपले तळहात पायजम्याला पुसायची, ते काकांनी पाहिलं होतं.

आणि मग काकांच्या डोक्यात ते आलं. सामन्याच्या दिवशी सकाळी ते लवकर स्टेडियममध्ये गेले, पंख्याखालची खुर्ची उचलून आपल्या कामाच्या खोलीत नेली, मागच्या पायाच्या सांध्यातली पाचर काढली, सरस खरवडून टाकला आणि सांधा कोरडा ठेवून पुन्हा बसवला. चष्मेवाले प्रश्न विचारायला पुढे झुकले की खुर्ची बोंबलणार, सगळी खोली हसणार, आणि त्या 'प्रामाणिकपणे'तली हवा निघून जाणार. बस, एवढाच बेत.

वरून दिलेला रंग वाळल्यावर त्यांनी खुर्चीत बसून पाहिलं. कर्रर्र.

नेमक्या तेव्हाच काकू डबा घेऊन दारात. "अगं बाई! हे तुमच्या हातचं?"

"हळू बोल."

"जन्मात पहिल्यांदा तुमची खुर्ची बोलतेय, आणि हळू मी बोलू?"

काकांनी सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एवढं काम बिघडवलंत, मग हा असा चकाचक रंग कशाला दिला?"

"वाईट खुर्ची आहे, निदान दिसायला तरी बरी असू दे," काका म्हणाले. त्यांचा हात एवढं एक पाप करायला तयार होता, दोन नाही. आणि घोटाळा झाला तो इथेच.

दुपारी भिंगरी खेळली, आणि छान खेळली. शेवटपर्यंत झुंजली आणि अगदी थोडक्यात हरली. काका पत्र्याची पेटी घेऊन पत्रकारांच्या खोलीत गेले आणि दाराची बिजागरी दुरुस्त करायचं सोंग आणून मागे उभे राहिले. बिजागरी बिचारी ठणठणीत होती. चष्मेवाले आपल्या जागेकडे निघाले होते. समोर मंचावर खेळाडूसाठी चाकांची, गोल फिरणारी खुर्ची ठेवलेली असे. पण आधीच्या सामन्यातला विजेता आनंदाच्या भरात तिच्यावर इतका गरगर फिरला की तिचं एक चाक निखळून सरळ टेबलाखाली गेलं. खोलीची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. पहिल्या रांगेत एकच खुर्ची आरशासारखी चमकत होती.

बाईंनी ती उचलली.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "बाई, बाई! ती नको. रंग ओला आहे!"

बाईंनी बोट लावून पाहिलं. "वाळलाय की."

"वरून वाळलाय. आतून ओला आहे."

"काका, आतून कोण बसणार आहे?" म्हणत बाईंनी खुर्ची मंचावर ठेवली, आणि चष्मेवाल्यांना दुसरी साधी, गप्प खुर्ची मिळाली. काका आणखी काही बोलणार तोच दार उघडलं आणि भिंगरी आत आली. चेहरा पांढराफटक, केस अजून ओले, हाताच्या मुठी वळलेल्या. जिच्या पायातला काटा काढायचा, तो नेमका तिच्याच पायात घातला आपण, असं काकांना झालं.

भिंगरी बसली.

कर्रर्र!

मग मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. भिंगरी ताठ झाली. काकांनी पेटीची कडी घट्ट धरली. पळणार आता, पळणार, त्यांच्या मनात आलं.

पण या मुलीने आयुष्यभर आजोबांच्याच खुर्च्यांवर बसून जेवण केलं होतं, अभ्यास केला होता. त्यांची खुर्ची करकरते हे तिला दिवसा चांदण्या दिसण्यासारखं होतं. तिने मान वर करून शोधलं. दाराशी आजोबा, कान लालबुंद, एका धडधाकट बिजागरीकडे टक लावून पाहताहेत. भिंगरीला सगळं नाही, पण पुरेसं कळलं. तिच्या ओठांचे कोपरे हलले. ती माईककडे वाकली. कर्रर्र.

"माफ करा," ती म्हणाली, "हा आवाज खुर्चीचा होता. गैरसमज नको."

खोलीभर हशा पिकला. भिंगरी स्वतःही हसली, आणि तिच्या मुठी सुटल्या.

चष्मेवाल्यांनी हात वर केला. "प्रामाणिकपणे सांग, शेवटी तुझ्या मनावर दडपण आलं ना?"

भिंगरी मागे रेलली. कर्रर्र. मग पुढे झाली. कर्रर्र.

"हिचं म्हणणं ऐकलंत," ती म्हणाली. "आता माझं. हो, आलं. कोर्टावर आलं, पण तिथे हातात रॅकेट असते. गेल्या वर्षी या खोलीत आलं तेव्हा हातात काहीच नव्हतं. मी डॉक्टरांकडे जाते. बरं वाटतंय. आज मी हरले ते समोरची मुलगी माझ्यापेक्षा चांगली खेळली म्हणून."

या वेळी कोणी हसलं नाही. चष्मेवाल्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि खाली पाहून लिहायला लागले. दुसऱ्या कोणीतरी विचारलं, गेले काही महिने घरी दिवस कसे गेले, रडायचीस का, सविस्तर सांग. भिंगरीने खुर्ची पुढेमागे केली. कर्रर्र, कर्रर्र.

"एवढंच उत्तर," ती म्हणाली.

"मग माझा पुढचा प्रश्न खुर्चीला," चष्मेवाले म्हणाले. "उद्याच्या दुहेरीचं काय?"

"खुर्ची नाही खेळत. मी खेळतेय," भिंगरी म्हणाली आणि उठली.

बाहेर जिन्यावर काका पेटीवर बसले होते. ती शेजारी येऊन बसली.

"आजोबा, माझ्यासाठी करकरणारी खुर्ची केलीत?"

"तुझ्यासाठी नाही गं! त्या चष्मेवाल्यांसाठी! तुझ्यासाठी असली खुर्ची करीन मी?" काका रडकुंडीला आले होते. "घाबरलीस ना?"

"छाती धडधडत होतीच. पण ती करकरली की हसू यायचं, आणि हसलं की श्वास आपोआप आत जायचा. डॉक्टरीण बाई सहा महिने तेच सांगतायत, श्वास घे, श्वास घे."

तेवढ्यात व्यवस्थेच्या बाई आल्या. "काका, त्या खुर्चीचं बघा हं आधी. अगदी शोभा झाली."

"हात लावाल तर बघा," भिंगरी म्हणाली. बाईंना नव्हे, आजोबांना.

दुसऱ्या दिवशी दुहेरी झाली. दोघी मैत्रिणी जिंकल्या आणि पत्रकारांच्या खोलीत शिरताना 'खुर्चीत मी बसणार, मी' म्हणून भांडल्या. पुढे त्या खुर्चीची अशी कीर्ती पसरली की परगावचे खेळाडूही आल्या आल्या विचारायचे, ती बोलकी खुर्ची कुठे आहे? एकदा कोणीतरी आश्चर्याने म्हणालं, "इतकं वाईट सुतारकाम केलं कोणी?" काका छाती पुढे काढून म्हणाले, "मी." आणि पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगितली, नगरपालिकेसकट.

पण आता एक नवंच काम मागे लागलं. हवेत ओल आली की लाकूड फुगतं, सांधा घट्ट बसतो आणि खुर्ची गप्प होते. म्हणून स्पर्धेच्या दिवसांत काका सकाळी सगळ्यांच्या आधी त्या खोलीत जातात, मंचावर बसतात, कान टवकारून पुढेमागे झुलतात. आवाज आला नाही तर खुर्ची उन्हात नेऊन ठेवतात आणि ती वाळेपर्यंत तिच्याशेजारी बसून तिच्याशी बोलतात. काकू डबा घेऊन येतात, थोडा वेळ दुरून बघतात आणि म्हणतात, "चला, अखेर उलट उत्तर देणारं कोणीतरी भेटलं तुम्हाला."