इन्जर कुणी केलं?

"‘इन्जर्ड हिमसेल्फ’ असं लिहिलंय. सही करा, रिपोर्ट आजच पाठवायचाय," मॅनेजरसाहेबांनी कागद पुढे सरकवला.

वरठीजवळच्या एका कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर होतो. आदल्या दिवशी पत्रा कापायच्या मशीनवर श्रावणची दोन बोटं तुटली होती. ‘इन्जर’ म्हणजे इजा करणं. वाक्याचा सरळ अर्थ, श्रावणनं स्वतःच स्वतःला इजा करून घेतली. चूक त्याची ठरली की त्याची नोकरी जाणार. मशीनकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही.

"हे ठरवलं कुणी?"

"तोच म्हणतोय. विचारा जाऊन."

दवाखान्यात श्रावण हात उशीवर ठेवून पडला होता.

"माहीच चूक आहे साहेब. तसंच लिवा."

"मशीनपुढची जाळी खाली होती का?" पात्यासमोर एक लोखंडी जाळी असते. ती खाली असली की हात आत जातच नाही.

त्यानं नजर वळवली. म्हणाला, "काम लवकर व्हावं म्हणून मिस्त्रीनं तारेनं वरतं बांधाले लावली होती. पण मिस्त्री आमच्या दिघोरीचे. त्यायनंच मले कामाले लावलं. त्यायले कायले फसवू?"

मला राग आला, तोही श्रावणचाच. दोन बोटं देऊन हा उपकार फेडत होता!

परत आलो, मॅनेजरांना घेऊन मशीनपाशी गेलो. जाळी साळसूदपणे खाली.

"बघा, जाळी आहे की," मॅनेजर म्हणाले.

मी जाळीच्या वरच्या पट्टीवर बोट ठेवलं. सगळीकडे नवा पिवळा रंग, फक्त दोन जागी तारेच्या वेढ्याएवढं लोखंड उघडं. दसऱ्याच्या पूजेआधी मशीनना रंग मारतात. रंगाऱ्यानं जाळी वर बांधलेली तार न सोडता वरूनच ब्रश फिरवला होता; अपघातानंतर कुणीतरी ती तार काढून जाळी खाली केली होती.

"म्हणजे पूजेलाही जाळी वरच बांधलेली होती. नारळ तर तुम्हीच फोडला, साहेब."

मॅनेजरांनी आधीचा कागद परत मागून घेतला. रिपोर्ट बदलला. उघड्या पात्यानं इजा झाली, असं स्पष्ट लिहिलं. जाळी वर केली की मशीन आपोआप बंद पडेल असा स्विच बसवला. मिस्त्रीला मेमो मिळाला. श्रावण बरा होऊन स्टोअरमध्ये रुजू झाला, पण माझ्याशी नीट बोलेना. एक दिवस म्हणालाच, "मिस्त्रीचं मन दुखवलं तुमी."

"त्याचा राग जाईल कधीतरी. बोटं उगवत नाहीत रे."

त्यानंतर रिटायर होईपर्यंत मी जबाब आधी मशीनचा घेतला, मग माणसाचा.