अंबूबाईची पिवळी पट्टी

मखमलाबादच्या मळ्यातून निघालेली अंबूबाईची हातगाडी पंचवटीच्या गल्ल्यांत शिरली की वरच्या मजल्यांवरनं दोरीच्या पिशव्या खाली यायच्या. मेथी, शेपू, कांद्याची पात, देवाला झेंडू. गाडीवर ओणवी होऊन ती ढकलायची आणि तिची जीभ गाडीच्या पुढं चालायची. "ताजी आहे का हो?" असं कुणी विचारलंच तर, "नाय, परवाची हाय. तुमच्यासाठीच जपून ठेवली."

साठीला टेकलेल्या ह्या बाईचे पाय गेल्या वर्षापासून भलताच खेळ करू लागले. गाडी ढकलताना काही म्हणजे काही नाही. गाडी लावून मोकळ्या हातानं जरा चालली, की पोटऱ्या भरून यायच्या, मुंग्या चढायच्या, पाय आपले नाहीतच असं वाटायचं. कट्ट्यावर टेकली, पुढं वाकली, की परत ठीक.

धाकटी जाऊ लंकाबाई टोमणा सोडणार नाही असं कधी झालंय?

"बाई, धंद्याला पाय चालतात आन् लग्नाला निघालं की मरतात. लय शहाणे पाय हायेत तुमचे."

"तुझे उलटे हायेत. लग्नाला पुढं, खुडणीला मागं."

तोंडानं परतवलं, पण कोडं अंबूबाईलाही सुटत नव्हतं. एकदा तर तिनं नातवाची बाबागाडी रिकामीच ढकलत रस्त्याच्या टोकापर्यंत नेऊन बघितली. पाय गुमान चालले.

मुलगा ललित अंबडला कंपनीत. त्यानं कोर्ट न भरवताच निकाल लावला. "गाडीनंच तुझी कंबर घालवली, आई. गिऱ्हाईक बघितलंय. विकून टाकू."

अंबूबाई हादरली. नवरा मळ्यात, मुलगा कंपनीत; गाडी गेली म्हणजे आपण दिवसभर भिंतीकडं बघत बसायचं, आणि सुनेनं चहा दिला की प्यायचा. "आधी डॉक्टरला विचारू," ती म्हणाली. "गाडीचा गुन्हा निघाला, तर माझ्या हातानं देईन."

एमआरआय झाला. रिपोर्ट दाखवायला गेल्या त्या दिवशी ललितची पाळी होती, म्हणून दोघी जावाच गेल्या. बाहेर पेशंटांची रांग, आत डॉक्टरीणबाईंना घाई. "मणक्यातली पिवळी पट्टी जाड झालीय, नसांना जागा उरली नाही. रक्त तपासून परत या."

एवढ्या वाक्यातला एकच शब्द घरापर्यंत पोचला. पिवळी.

"कावीळ हाय," लंकाबाईनं रिक्षातच ठरवलं. "पोटातली पाठीत उतरली."

झालं. स्वयंपाकघरातनं हळद गेली. काविळीची माळ देणाऱ्या एका म्हाताऱ्यानं गळ्यात माळ घातली. सकाळ-संध्याकाळ रसवंतीवरचा पेलाभर उसाचा रस सुरू झाला. हसायचं कारण नाही. आपल्याकडं डॉक्टर पिवळं म्हणाला की कावीळच समजतात. आणि समोरच्याला दोन वाक्यं जास्त सांगायला वेळ नसेल, तर चूक एकट्या अंबूबाईची कशी?

पांढरंफटक वरण ताटात पडलं तेव्हा ललितला सगळं कळलं. कपाळावर हात मारून त्यानं आईचं रक्त तपासून घेतलं आणि स्वतः सोबत आला. लंकाबाई होतीच.

रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, गोड फार खाता का?"

"गोड कशाला? औषधाचा रस घेते नुसता."

"कसला रस?"

"उसाचा. काविळीवरचा."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. हसू आलं होतं ते त्यांनी गिळलं आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. नीट सांगायला हवं होतं." मग टेबलावरचा प्लॅस्टिकचा कणा पुढं ओढला. "ही पट्टी. हिचा रंगच पिवळा. तुमची, माझी, सगळ्यांची. जाड झाली की नसांची नळी अरुंद होते. ताठ उभं राहिलं की ती आत फुगते, पुढं वाकलं की ताणली जाते आणि नसांना जागा मिळते."

"म्हंजी म्हणून गाडीवर पाय चालतात!" अंबूबाईनं कण्यावर बोट फिरवलं. "बघ गं लंके, नाटक करत नव्हते मी." मग खुर्ची पुढं सरकवली. "पण जाड झाली कशानं? गाडीनं?"

ललितही पुढं झुकला.

"एकावर बोट ठेवता येत नाही. वय आहे. मणक्यांमधली चकती झिजली, मणका जागचा हलायला लागला, की पट्टीवर ताण येतो. वजन आहे. वर्षानुवर्षं उचललेल्या ओझ्याचाही हात असतो. आणि साखर. मधुमेहवाल्यांत ही पट्टी जास्त जाड सापडते. नेमकं कसं, ते अजून शोधतायत."

"मग त्या रसानं झाली?"

"रस आत्ताचा. ह्या तपासणीत गेल्या दोन-तीन महिन्यांची साखर कळते, आणि ती आधीपासूनच चढलेली आहे. तुम्हाला पत्ता नव्हता, एवढंच. रस मात्र आजपासून बंद."

"हिनं माझ्याइतक्याच पाट्या डोक्यावर वाहिल्या. हिची का नाय झाली?"

"प्रत्येकाचं शरीर वेगळं. त्यांचीही साखर बघून घेऊ."

"मला काय धाड भरलीय?" म्हणत लंकाबाई दाराकडं सरकली.

ललितनं शेवटी विचारलंच. "म्हणजे गाडी बंदच ना, मॅडम?"

"चालणं बंद करू नका. भरलेले क्रेट उचलणं बंद. गाडी अर्धीच भरायची. गोळ्या, पथ्य, वजन खाली. आणि पायातली ताकद जायला लागली किंवा लघवीचं भान राहिलं नाही, तर एक दिवसही थांबायचं नाही, लगेच यायचं."

बाहेर आल्यावर ललितनं विचारलं, "क्रेट कोण उचलणार मग?"

"तू. तुझी सकाळची पाळी असली की तुझा बाप. आयुष्यभर मीच उचलले, आता जरा तुमच्या पट्ट्या बघू."

ललितनं फोन काढला, गिऱ्हाइकाला लावला. "गाडी नाही विकायची. हां, डॉक्टर म्हणाल्या म्हणून…"

अंबूबाईनं त्याचा हात धरून फोन खाली केला.

"डॉक्टरचं कशाला? माझं नाव सांग."