जयवंतीला मी दिलेला सल्ला

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कारखान्यातल्या मित्रांना नाही, आणि ज्या ग्रुपवर मला लोक ‘सर’ म्हणतात तिथे तर नाहीच. एका बाईला सांगितलं, तेही गेल्या रविवारी. पण ती या गोष्टीतलीच, म्हणून तिला धरत नाही.

तुम्ही लिहिणारे असाल तर माझी ती पोस्ट कदाचित वाचली असेल — समुद्रावरच्या भयकथा कशा लिहाव्यात, ती. आपल्या बोलीत लिहा, किंकाळ्या टाळा, हातातल्या कामापासून सुरुवात करा. ग्रुपवर ती कायम सगळ्यात वर असायची. नव्या माणसाला आधी तीच वाचायला सांगायचे.

मी मूळचा सांगलीकडचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी, राहायला बोईसरजवळ सरावली गावात. होडीत मी आयुष्यात एकदाही बसलेलो नाही. तरी समुद्राच्या भयकथांचा ग्रुप मी काढला. का? भुताच्या गोष्टी लिहायचो, आणि समुद्रावर मराठीत लिहिणारे थोडे, म्हणून तिथे आपण उठून दिसू — एवढंच. अडीचशेएक माणसं जमली. कथा आधी मला पाठवायची, मी सुधारणा सुचवायच्या आणि मग ती ग्रुपवर यायची, असा नियम. तोही माझाच.

एका दुपारी, सेकंड शिफ्टला जायला बसची वाट बघत होतो, तेव्हा जयवंतीची कथा आली. किनाऱ्यावरच्या गावातली मासेविक्री करणारी बाई. बोईसरच्या बाजारात बसते, असं तिनेच कळवलं होतं. पहिलीच कथा. पहिलं वाक्य होतं — ‘तो आला त्या दिशी बोंबील सुकले नाय.’

बुडून मेलेला नवरा रोज येतो आणि बोंबील वाळत घातलेल्या दोऱ्यांपाशी बसतो. बोलत नाही, काही मागत नाही. त्याच्या शेजारची दोरी मात्र ओलीच राहते, आणि बायको रोज ती दोरी न बोलता बदलते. बस. एवढीच कथा. मी ती तीनदा वाचली. बस आली, निघून गेली. त्या दिवशी मी रिक्षाने कामावर गेलो.

मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? आपल्या ग्रुपवर असं काही आलं म्हणून? मला भीती वाटली. ही कथा लोकांनी वाचली की माझे दीपगृहातले हुंकार आणि वादळातल्या सावल्या कोण वाचणार?

आणि मी तिला सल्ला दिला.

भाषा शुद्ध करा म्हणालो, बोली लोकांना कळत नाही. सुरुवात अमावास्येच्या रात्रीने करा, वातावरणनिर्मिती हवी. शेवटी त्याने बायकोचा गळा धरायला हवा. हे लिहिताना मला माहीत होतं — हेच मला सांगायचंय — पक्कं माहीत होतं की मी चांगल्या गोष्टीचा गळा घोटतोय. चुकून नाही. अज्ञानाने तर नाहीच.

तिने एकच शंका काढली. “सर, पन तो कोनाला काय करत नाय. तो नुसता बसतो.”

“भयकथेत नुसतं बसून चालत नाही, ताई,” मी कळवलं.

तिने सांगितलं तसं केलं. आठवड्याने कथा ग्रुपवर आली, अमावास्येसकट, गळा धरण्यासकट. लोकांनी दोनचार हसणारी तोंडं टाकली. कुणीतरी लिहिलं, असलं शंभरदा वाचलंय. तिने खाली नम्रपणे लिहिलं, ‘सरांनी सांगितला तसा लिवला.’ सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हा तरी मी खरं बोलू शकलो असतो. मी लिहिलं — ‘प्रयत्न चांगला. पण तोचतोचपणा टाळायला हवा.’

संध्याकाळपर्यंत तिने कथा काढून टाकली होती. दुसऱ्या दिवशी ती ग्रुपमधूनही गेली.

इथे थांबलो असतो तर निदान मत्सर म्हणता आला असता. मी थांबलो नाही. पुढच्या वर्षी मी ती सल्ल्याची पोस्ट लिहिली. त्यातला प्रत्येक सल्ला मी जयवंतीच्या पहिल्या मसुद्यातून उचललेला आहे. तिला जे जे काढायला लावलं, ते ते मी लोकांना करायला सांगितलं. आणि उत्तम सुरुवातीचा नमुना म्हणून ते बोंबलांचं वाक्य टाकलं. खाली नाव नाही. लोकांनी ते माझं धरलं, मी धरू दिलं. पालघरच्या एका वाचनालयात मला बोलायला बोलावलं. एका मुलीने विचारलं, “सर, ते वाक्य कसं सुचलं?”

मी म्हणालो, “सुचलं.”

एक शब्द. त्यावर टाळ्या पडल्या. घरी येईपर्यंत माझ्या कानांत त्या टाळ्या होत्या, आणि मला अन्न गेलं नाही. तरी पुढची दोन वर्षं मी ‘सर’च राहिलो. लाज वाटणं आणि काही करणं यांत किती अंतर असतं, ते मी चालून पाहिलंय.

गेल्या महिन्यात ग्रुपवरच्या एका नवख्या मुलाने मला पत्रासारखं लांबलचक लिहिलं. माझ्या पोस्टमुळे त्याला आईच्या बोलीत लिहायचं धाडस झालं म्हणे. ते वाचलं आणि ठरवलं — आता पुरे.

तिचा मूळ मसुदा माझ्याकडे होता. तो कागदावर छापून घेतला आणि रविवारी बोईसरच्या बाजारात गेलो. विचारत विचारत तिच्यापाशी पोचलो. ती कोलंबी निवडत होती. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं — सल्ला खोटा होता, मुद्दाम दिला, तुमचं वाक्य माझं म्हणून मिरवलं. ती ऐकत होती. हात थांबले नव्हते.

“मी समजली, मना लिवायला येत नाय,” ती शेवटी म्हणाली. “तवापासून लिवला नाय काय.”

मी कागद पुढे केला. तिने हात पुसून तो घेतला, एक पान वाचलं, घडी घालून कागद कमरेला खोचला.

हे ग्रुपवर लिहिणार आहे, तुमचं नाव घालू का, असं विचारलं.

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “घाला. माजा पन, नि तुमचा पन. आनी आता सरका, गिऱ्हाईक हाय.”

मी सरकलो.

ती सल्ल्याची पोस्ट मी आज काढून टाकली. तिच्या जागी हे लिहिलंय. ग्रुप दुसऱ्यांच्या हाती दिला आहे. ते सल्ले खरे आहेत, वापरा. ते जयवंतीचे आहेत. ज्याने तिला लिहिण्यातून उठवलं, तो मी — सुधाकर.