ऑक्टोपसचं जेवण

प्रयोगशाळेच्या काचेच्या टाकीत ऑक्टोपसची मादी अंड्यांना कवटाळून बसली आहे. समोर टाकलेल्या खेकड्याकडे ती बघतही नाही. अंड्यांवर पाण्याचा हलका झोत सोडते, त्यांना गोंजारते आणि रोज थोडी फिकट होते.

तिच्या आयुष्याचं गणित मांडणं हे माझं काम. किती खाल्लं, त्यातलं वाढीला किती गेलं, नुसतं जगायला किती. शेवटच्या आठवड्यांत खाण्याचे रकाने कोरे दिसले. नोंद राहून गेली असेल असं समजून मी तिथे आधीची सरासरी भरली. संगणकावर मादी छान वाढत राहिली.

टाकी सांभाळणाऱ्या सुलभाताईंना आलेख दाखवला, तर त्या म्हणाल्या, "अहो सर, ती खातच नाहीये. कोरं म्हणजे काहीच नाही खाल्लं. पिल्लं बाहेर पडली की जाईल ती."

सरासरी पुसायला बसलो आणि आईचे फोन आठवले.

बाबा अंथरुणाला खिळले होते, त्या वर्षी मी गावी आईला रोज फोन करायचो. "जेवलीस का?" "हो रे, मघाशीच." कधी ती उत्तर न देता बाबांच्या औषधांचंच बोलत राहायची. तेव्हा जेवली असेल, असं मी धरून चालायचो.

ती बाबांच्या आधी गेली. कपाट आवरताना तिचे ब्लाउज हाती आले. प्रत्येक ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घेतलेला होता. बारीक हातशिलाई, एकीच्या आत एक, टाक्यांच्या तीन ओळी.

नोंद कुठेच राहून गेली नव्हती.