तुम्ही तं हवाच तुडवली

देवरावकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या छापखान्यात एका पत्रकाचं प्रूफ तपासत होते. त्याला महिना झाला. काका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेचे परिचर होते. प्राध्यापक बदलत गेले, उपकरणांची नाडी मात्र काकांनाच कळायची. निवृत्त होऊन ते कळंबजवळच्या आमच्या गावी परतले, हे आमचं नशीब.

दोन वर्षांमागे, एप्रिलात, अंगणवाडीच्या टिनाखाली लेकरं भाजून निघत होती. आया पाठवेनात. हजेरी अशीच राहिली तर अंगणवाडी रस्त्यापलीकडच्या गावात जाईल, असं सांगण्यात आलं. तो ट्रकांचा रस्ता, आणि तीन-चार वर्षांची लेकरं... मी संतापून पत्रक लिहिलं. काकांनी ते दोनदा वाचलं, बरं आहे म्हणाले, आणि दुपारी एक वाजता मला त्याच खोलीत नेऊन बसवलं. अर्ध्या तासात माझी सगळी विशेषणं आटली.

टिनाखाली बांबूच्या तट्ट्यांचं दुहेरी छत करायचं, मधे सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, आग धरू नये म्हणून मातीच्या पातळ पाण्यात घोळून, वाळवून भरायचा, असं त्यांनी ठरवलं. आम्ही कापसाच्या मुलखातली माणसं. भरायचं म्हटलं की तुडवायचं, हे आमच्या पायांनाच ठाऊक. बैलबंडीत कापूस दाबावा तसं आम्ही कुटार गच्च दाबलं, छत वर चढवलं. खोली जवळपास तशीच तापली. काकांनी एक तट्टा उतरवून उघडला.

"अवं माय, कापूस भरून राह्यली का तू? ऊन कुटार नाही अडवत, त्यातली हवा अडवते. तुम्ही तं हवाच तुडवली."

"मंग कुटार कायले? पोकळच ठेवू," मी वाद घातला. ते चिडले नाहीत. पोकळ ठेवलं तर टिनानं तापलेला वरचा तट्टा थेट खालच्या तट्ट्यावर आग ओततो. बारीक फटींत कोंडलेली हवा मात्र ऊन पुढे सरकवायचा फार आळस करते, असं त्यांनी समजावलं. सगळं उपसून आम्ही पुन्हा हलक्या हातानं भरलं. लेकरांना आत सोडण्याआधी तीन दुपारी काका स्वतः त्याखाली बसले.

मागच्या आठवड्यात शोकसभेचं ठरवायला मी अंगणवाडीत गेले. ऊन रणरणत होतं. काकांवर किती अन्याय झाला, त्यांना कुणी शास्त्रज्ञ म्हटलं नाही, असं मी दारातूनच तावातावानं बोलू लागले. सेविकेनं ओठांवर बोट ठेवलं.

"ताई, हळू बोला," ती म्हणाली. "लेकरं झोपली हायेत."