बस्त्यावदादाचं कोर्ट

बस्त्यावदादाचा निरोप घेऊन तुम्ही चार पावलं पुढं गेलात की मागून हाक यायचीच, "राहिलं का काही?" केळी घेऊन निघालेल्या बाईला, चर्चमधल्या मिस्साहून घरी चाललेल्या म्हाताऱ्याला, मॅच हरून मान खाली घालून निघालेल्या पोराला, सगळ्यांना तेच. "राहिलं का काही सांगायचं?" बहुतेक जण हसून हात हलवायचे. पण एखादा थांबायचा, मागं वळायचा आणि मग खरं काय ते बोलायचा. गुडघ्यात कळ येतेय दादा, म्हणून पळता आलं नाही. नाहीतर, बाबा पिऊन आलेत, घरी जावंसं वाटत नाही. दादा ऐकून घ्यायचा. उपाय वगैरे काही सांगायचा नाही. कमरेच्या फडक्यातून एक सुकेळं काढून त्याच्या हातावर ठेवायचा. सुकेळी म्हणजे आमच्या वसईची उन्हात वाळवलेली राजेळी केळी. त्याची आय ती घरी करायची आणि अर्धी आमच्या बास्केटबॉलच्या संघाच्या पोटात जायची.

मी त्या संघाचा सेक्रेटरी. पोस्टात कारकून होतो, अक्षर बरं होतं, एवढीच माझी लायकी. आम्ही घरी आमच्या बोलीत बोलतो. ती जशीच्या तशी लिहिली तर तुम्हाला अर्धी कळायची नाही, म्हणून दादाचं बोलणं साध्या मराठीत लिहितोय. त्यात त्याची मजा थोडी जाते, इलाज नाही.

दादा उंच, रापलेला, हाडापेरानं दणकट. दिवसभर वाडीत केळी आणि पानवेली, संध्याकाळी बास्केटबॉल. लग्न केलं नाही. घरात तो आणि त्याची आय. पंधरा वर्षं आमच्या गावाकडून सात नंबरची जर्सी घालून खेळला आणि जो येईल त्याला शिकवलं. कुणी बॉल छातीशी धरून उभा राहिला की कोर्टाच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडायचा, "अरे, केळ्यांचा लोंगर कवटाळून काय बसलास? बाजारात न्यायचाय का? दे पुढं!" रिंगखाली जाऊन कुणी कचरला तर म्हणायचा, "रिंग चावत नाही रे, मी विचारून आलोय." पंचानं चुकीचा फाऊल दिला की अगदी अदबीनं, "सायब, शिट्टी नवी घेतली वाटतं. वाजवून बघताय?" पंचसुद्धा हसायचे. मला तो नावानं कधी हाक मारायचा नाही. "सेक्रेटरीसाहेब" म्हणायचा, आणि त्यात थट्टा किती आणि माया किती ते मला कधी कळलं नाही.

सत्तरीचं दशक संपत आलं तेव्हा आमच्या संघाचं पार वाटोळं झालं. एकाच वर्षात चार चांगले खेळाडू आखातात गेले. कुणी कुवेत, कुणी बहारीन. पहिल्या महिन्यात विमानटपालाच्या पातळ कागदांवर पत्रं यायची, "संघ कसा आहे?" काय सांगणार, कपाळ! चार गावांच्या स्पर्धेत आम्ही शेवटचे आलो. बाकीच्या गावांचीही थोडीफार तीच रड. तेव्हा शाळेतल्या पीटीच्या सरांनी एक तोडगा काढला. आम्ही त्याला वाटणी म्हणायचो. दर मे महिन्यात चार गावांचे सेक्रेटरी शाळेच्या आवारात बसणार. प्रत्येकाच्या यादीत नवी-जुनी धरून फक्त बारा नावं, बाकीची सोडायची. सोडलेले खेळाडू आणि ज्यांना संघच नाही अशी आसपासची पोरं, यांच्यातून पाळीपाळीनं नावं पुकारायची. जो संघ शेवटचा, त्याला पहिलं नाव पुकारायचा मान. म्हणजे त्या वर्षी आम्हाला.

आणि पहिलं नाव कुठलं, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. कळंबच्या कोळीवाड्यातला हरेश्वर. एकोणीस वर्षांचा, ताडासारखा उंच, हात असे लांब की बॉल वर उडाला की त्याचाच. त्याला शोधला कुणी? दादानंच. कळंबच्या किनाऱ्यावर तो होडी ओढताना दादानं बघितला, दोन वर्षं त्याला सायकलवर बसवून आणला आणि शिकवला. "सेक्रेटरीसाहेब, हा आपल्याकडे आला तर तीन वर्षांत आपण पहिले. लिहून ठेवा," असं मला त्यानं स्वतः सांगितलं होतं.

हरेश्वरला घ्यायचं म्हणजे बारातलं एक नाव कमी करायचं. मी यादी घेऊन बसलो. बास्केटबॉलात नंबर चारपासून सुरू होतात; चार ते पंधरा, बारा नावं. दादा तेव्हा अडतीसचा. गुडघे वाजायचे, धावताना दम लागायचा, हे खरं. नवा संघ उभा करायचा तर तरुण पोरं हवीत, हेही खरं. मी सात नंबरवर काट मारली आणि तिथं हरेश्वरचं नाव लिहिलं. आता उरलेलं खरं सांगतो. पंधरा नंबर माझा होता. अख्ख्या सीझनमध्ये मी कोर्टावर दहा मिनिटं जेमतेम असायचो आणि त्यातली निम्मी पडण्यात जायची. काट मारायला माझं नाव होतं. पेन तिथवर गेलंसुद्धा नाही.

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बस्त्याव?"

"सर, तुम्ही कुणाला बोलू नका. दादाला मी सांगतो. माझ्या तोंडून कळलेलं बरं."

"आजच सांग," सर म्हणाले. मी मान डोलावली. सोडलेल्या नावांत दादाचं नाव होतं, पण तिन्ही गावांपैकी कुणी ते पुकारलं नाही. अडतीस वर्षांचा माणूस कुणाला हवा असणार?

त्याच दिवशी संध्याकाळी मी दादाकडे गेलो. तो अंगणात खुंट्या ठोकून दोऱ्या बांधत बसला होता. मला बघून म्हणाला, "ये, ये, बरा आलास. हे टोक धर." चर्चमागची पडीक जागा फादरनी आम्हाला सिमेंटचं कोर्ट करायला दिली होती. तोवर आम्ही भाताच्या खळ्यावर खेळायचो, पडलं की ढोपरं सोलायची. आखातातल्या पोरांनी सिमेंट पाठवायचं कबूल केलं होतं. बाकीचं सगळं दादानं अंगावर घेतलं होतं. दोरी धरून तो मला दाखवत होता, इथं रिंग, इथं मधली रेघ. "चर्चच्या सणाच्या दिवशी पहिली मॅच इथं होणार. तेवढी एक खेळलो ना सेक्रेटरीसाहेब, की गुडघे फादरच्या पायाशी ठेवतो. मग तुमचं तुम्ही बघा." मी दोरीचं टोक धरून उभा राहिलो. निघालो तेव्हा मागून हाक आलीच, "राहिलं का काही?"

"नाही दादा, काही नाही."

मग पावसाळा आला. सगळी वाडी आडोशाला बसलेली, आणि हा माणूस डोक्यावर इरलं घेऊन दगड टाकतोय. "भराव पावसातच बसतो. उन्हात टाकलेला भराव नुसता देखणा दिसतो," म्हणायचा. दगड, त्यावर मुरूम, त्यावर पाणी, मग धुम्मस घेऊन चोपणं. जिथं खड्डा पडेल तिथं पुन्हा मुरूम. आम्ही पोरं रविवारी जायचो, तो रोज जायचा. रिंगा त्यानं वालीवच्या एका वर्कशॉपमध्ये करून घेतल्या. वेल्डिंग मनासारखं होईना म्हणून तीनदा परत नेल्या. मी पोस्टातून सुटलो की तिथं जायचो आणि थोडा मुरूम पसरायचो. अंगाला चिकटलेली लाज जाईल असं वाटायचं. जात नव्हती. रोज ठरवायचो, आज सांगायचं. आणि रोज घमेलं ठेवून निघालो की, "राहिलं का काही?" "नाही दादा." अख्खा पावसाळा हेच.

का नाही सांगितलं? भित्रा होतो, हे एक. पण फक्त तेवढंच नाही. मनात एक घाणेरडा हिशोबही होता. दादाला कळलं आणि त्यानं फावडं टाकलं तर कोर्ट कोण पुरं करणार? हे मी स्वतःशीसुद्धा कधी स्पष्ट बोललो नव्हतो. आज लिहितोय.

आमच्या गावात एक रीत आहे. सीझन संपला की जर्सी ज्याच्या त्याच्या घरी जाते. आई ती धुते, उसवलेलं शिवते, ट्रंकेत ठेवते. चर्चच्या सणाला मिस्सा झाला की सेक्रेटरी कोर्टावर यादी वाचतो, फादर पवित्र पाणी शिंपडतात, आणि ज्याचं नाव येईल त्याची आई आपल्या हातानं त्याला जर्सी घालते. मला ही रीत ठाऊक नव्हती असं नाही. पण हरेश्वरसाठी सात नंबर हवा तर तो दादाच्या घरून मागून आणायला हवा, आणि मागायचा तर सांगायला हवं. म्हणून मी मागितलाच नाही. बघू आयत्या वेळी, असं करत तो दिवस उजाडला.

नवं कोर्ट धुऊन लख्ख केलेलं. नव्या रिंगांना झेंडूच्या माळा. सगळ्या आया एका रांगेत, हातात घडी घातलेल्या जर्सी. त्या रांगेत चौथी दादाची आय. ठेवणीतलं लाल लुगडं, केसात अबोली, हातात सात नंबर.

मी वाचायला लागलो. चार. पाच. सहा. प्रत्येक नावाला टाळ्या. माझा आवाज मलाच ऐकू येईना.

"सात. हरेश्वर, कळंब."

टाळ्या वाजल्या नाहीत. आय आधीच दोन पावलं पुढं आली होती. ती तिथंच थांबली. तिनं आधी हातातल्या जर्सीकडे बघितलं, मग माझ्याकडे. काही चुकलं असेल, आता सुधारेल, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मी कागदात डोकं घातलं. हरेश्वर बिचारा दादाजवळ जाऊन पुटपुटला, "दादा, तुजा नंबर... मना कोनी सांगलाच नाय."

दादा पुढं झाला. आयच्या खांद्यावर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आय, सात नंबर आता ह्याचा. ह्याची आय मासळी घेऊन बाजारात गेलीय. तू घाल." हरेश्वरला खाली वाकावं लागलं तेव्हा तिचे हात पोचले. जर्सी घातली आणि सवयीनं त्याच्या कपाळावर क्रूस काढला. हिंदू कोळ्याच्या पोराला क्रूस! लोक हसले, टाळ्या वाजल्या, वेळ निभावली. मग मी आठ ते चौदा वाचले, आणि शेवटी स्वतःचं नाव. माझ्या आईनं मला पंधरा नंबर घातला. घरी येऊन ती माझ्याशी तीन दिवस बोलली नाही.

ती मॅच आम्ही जिंकलो. दादानं बाजूला बसून सगळ्यांना सुकेळी वाटली, मलाही. संध्याकाळी मी निघालो, मुद्दाम हळूहळू चाललो. त्या दिवशी मागून हाक आली नाही. त्यानंतर त्यानं मला तो प्रश्न कधीच विचारला नाही. बाकी सगळं तसंच. रोज कोर्ट झाडायचा, हरेश्वरला ओरडायचा, मला सेक्रेटरीसाहेब म्हणायचा. आय मात्र कोर्टावर पुन्हा आली नाही. तिसऱ्या वर्षी आम्ही पहिले आलो, दादा म्हणाला होता तसंच. सत्कारात माझं कौतुक झालं, मोडलेला संघ मी पुन्हा उभा केला म्हणून. मी हार घालून घेतला.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर दादा पोटाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला आणि त्यातच गेला. त्याच्या आठ दिवस आधी मी त्याला भेटलो, त्या भेटीचं तेवढं सांगायचं उरलंय.

ओट्यावर खाट टाकली होती. एवढा दणकट माणूस, गोधडीखाली आहे की नाही कळत नव्हतं. आय आत चुलीशी होती. मी मन घट्ट करून सुरुवात केली, "दादा, त्या यादीचं..."

"मला मे महिन्यातच कळलं होतं," तो म्हणाला. "तू दोरी धरायला आलास ना, त्याच्याही आधी. चार गावांच्या सेक्रेटरींना ठाऊक असलेली गोष्ट लपते होय रे?"

मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

"मी काय बोलू? रोज विचारत तर होतो तुला."

"आणि आयला... आयला का येऊ दिलंस?"

तो वरच्या कौलांकडे बघत म्हणाला, "तिनं जर्सी काढली, तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. मला वाटलं, नाव वाचेल हा. आयत्या वेळी तरी वाचेल. इतका काही वाईट नाही तो."

तेवढ्यात आय चहा घेऊन बाहेर आली आणि माझ्या तोंडापर्यंत आलेलं सगळं परत खाली गेलं. तिच्यासमोर कसं बोलायचं? खरं तर तिच्यासमोरच बोलायला हवं होतं. मी चहा प्यालो. केळीवर पडलेल्या रोगाचं बोललो, हरेश्वरच्या मुलीच्या बारशाचं बोललो. मग उठलो, चपला घातल्या, अंगणात उतरलो. चार पावलं गेलो असेन.

"सेक्रेटरीसाहेब," मागून हाक आली. आवाज पार बसलेला. "राहिलं का काही?"

मी वळलो. तो उशीवरून मान उचलून बघत होता. शेजारी आय माझा रिकामा कप हातात घेऊन उभी होती.

"नाही दादा," मी म्हणालो. "काही नाही."